गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडू नका, आधी सीट बघा!

चाळिशी उलटली की आपल्याकडे पुष्कळांची सायकल सुटते. कोणी नोकरीत बढती मिळाली म्हणून सोडतो, कोणी मुलाने स्कूटर घेतली म्हणून. पण दवाखान्यात कारण विचारले तर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे उत्तर एकच असते: "डॉक्टर, गुडघे गेले हो! आता कसली सायकल?" विशेष म्हणजे हे सांगणाऱ्या दहांपैकी सहा-सात जण सायकलच्या सीटवर बसून दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकवणारे असतात. त्यांच्या दुखण्याचे निम्मे निदान तिथेच होते.

मी स्वतः शाळेत असल्यापासून सायकल चालवतो. आधी मधल्या दांड्याखालून पाय घालून, मग दांड्यावरून, मग सीटवर, अशी आमच्या पिढीची चढती भाजणी होती. आजही जवळची व्हिजिट सायकलवरच होते. तेव्हा आजचा लेख थोडा डॉक्टरचा आहे आणि थोडा सायकलवाल्याचा. सांगायचे आहे ते एवढेच, की गुडघा कुरकुरू लागला तर दोष बहुधा वयाचा किंवा सायकलचा नसतो, सायकल शरीराच्या मापाने न लावल्याचा असतो. आणि हे माप लावायला एक पाना आणि दहा मिनिटे पुरतात.

सायकलने गुडघे झिजतात का?

हा गैरसमज आधी दूर करू. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो आणखी वाढतो. सपाट रस्त्यावर बेताने सायकल चालवताना हाच भार साधारण शरीराच्या वजनाइतका राहतो, कारण आपले बरेचसे ओझे सीट आणि हँडल उचलत असतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा गुडघा चालण्यापेक्षा सायकलवर बराच सुखात असतो.

दुसरे असे की सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, हिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि तो द्रव सगळीकडे फिरायला सांध्याची हालचाल लागते. शिवाय मांडीच्या पुढचा मोठा स्नायू बळकट असेल तर गुडघ्याला आधार मिळतो. सायकलने या दोन्ही गोष्टी होतात. म्हणूनच झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांना आम्ही पूर्ण विश्रांती सांगत नाही, हलका व्यायाम सांगतो, आणि त्यात सायकलचा क्रमांक वरचा आहे.

हृदय आणि मधुमेह यांबाबत तर बोलायलाच नको. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामावर जाताना पंधरा मिनिटे आणि येताना पंधरा मिनिटे, असे पाच दिवस केले की हिशेब पुरा झाला. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची साधारण पाच वर्षे नोंद ठेवून एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण मोटारीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मुळात धडधाकट असलेली माणसेच सायकल जास्त वापरतात, हेही खरे. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या सायकलला देता येणार नाही. पण एवढा मोठा फरक डोळ्याआड करावा असाही नाही.

मग दुखते कशाने?

बहुतेक वेळा, सीट खाली असल्याने. लहानपणी आपण पडण्याच्या भीतीने पाय टेकतील अशी सीट ठेवून शिकतो आणि ती सवय जन्मभर राहते. दुकानदारही नवी सायकल देताना गिऱ्हाइकाला बसवून "पाय टेकतात ना?" एवढेच विचारतो. टेकले की सौदा पुरा!

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा अगदी छातीकडे दुमडतो. अशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवले तर अर्ध्या तासात प्रत्येक गुडघा अठराशे वेळा असा दाबला जातो. मग वाटीभोवती दुखू लागते, जिना उतरताना कळ येते, आणि माणूस म्हणतो की वय झाले.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगतो. तीस वर्षे सायकलने शाळेत गेले. गुडघे दुखू लागल्यावर सायकल सोडली. दोन वर्षांत वजन नऊ किलोने वाढले, साखर वाढली, गोळी एकाची दोन झाली आणि गुडघे होते तसेच दुखत राहिले. त्यांना सायकल घेऊन यायला सांगितले. सीट तब्बल तीन इंच खाली होती! थोडी थोडी करत दीड महिन्यात ती योग्य उंचीवर नेली आणि हळूहळू सायकल पुन्हा सुरू केली. सहा महिन्यांनी काढलेला गुडघ्याचा एक्स-रे पहिल्यासारखाच होता; झीज काही भरून आली नाही. पण दुखणे निम्म्याहून कमी झाले, वजन उतरू लागले आणि साखर पुन्हा ताब्यात आली. सायकल सोडण्याची किंमत गुडघ्यापेक्षा बाकीच्या शरीराने जास्त मोजली होती, हे त्यांनीच नंतर बोलून दाखवले.

सीटचे माप कसे घ्यावे?

भिंतीला किंवा खांबाला एक हात धरून सीटवर बसा. पायात नेहमीची चप्पल किंवा बूट असू द्या. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. या वेळी पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट वर घ्या. टाच पोहोचतच नसेल तर खाली घ्या. प्रत्यक्ष चालवताना आपण टाच नव्हे, तर चवडा पायडलवर ठेवतो. तेव्हा पाय खाली गेल्यावर गुडघ्यात हलकासा बाक आपोआप राहील. तेवढाच हवा.

ही उंची बरोबर असेल तर सीटवर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकणार नाहीत, फक्त एका पायाची बोटे टेकतील. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो. ज्यांना याची सवय नाही त्यांनी एकदम सीट वर करू नये, नाहीतर गुडघ्याऐवजी मनगट मोडून घ्याल! आठवड्याला अर्धा इंच या बेताने वर घ्या. एक काळजी मात्र घ्या: सीटचा दांडा नळीत निदान अडीच-तीन इंच आत राहिला पाहिजे. दांड्यावर खूण असेल तर ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दांडा तोकडा पडत असेल तर सायकलवाल्याकडून लांब दांडा बसवून घ्या. खर्च फार नसतो.

कुठे दुखते त्यावरून दोष ओळखा

गुडघ्याच्या पुढे, वाटीभोवती दुखणे: सीट खाली आहे, फार पुढे आहे, किंवा आपण फार जड पायडल मारत आहात.

गुडघ्याच्या मागे, लवणीत दुखणे: सीट गरजेपेक्षा उंच आहे. पाय ताणला जातो.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या: तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. कोपर थोडे वाकवून धरा, हाताची जागा अधूनमधून बदला, मुठी मऊ लावून घ्या. सीटचे टोक पुढे झुकलेले असेल तरीही अंग हातांवर येते, तेही तपासा.

मान आणि कंबर: हँडल फार खाली किंवा फार लांब आहे. पन्नाशीनंतर हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असावे. तरुण मुलांच्या वाकून चालवायच्या सायकली या वयात शोभेलाच बऱ्या.

बसायच्या जागी बधिरपणा: याविषयी पुरुष मंडळी लाजून बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. सीटचे टोक वर उचललेले असले की मांड्यांच्या मधल्या भागातल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सीट जमिनीला समांतर करा आणि दर दहा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहा. रोज अर्धा-पाऊण तास सायकल चालवल्याने पुरुषत्व कमी होते, या भीतीला आधार नाही. मात्र बधिरपणा उतरल्यावरही राहत असेल तर सायकल काही दिवस बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

जोर लावू नका, पाय फिरवा

आपली जुनी काळी सायकल एकाच गतीची. चढ आला किंवा समोरून वारा आला की उभे राहून अंगाचा भार पायडलवर टाकायचा, ही आपली रीत. विशीत ते चालते, पन्नाशीत गुडघा हिशेब मागतो. चढावर सरळ उतरून सायकल हातात धरून चाला. यात कसलाही कमीपणा नाही. गिअरची सायकल असेल तर उलटी चूक होते. हौसेने सर्वांत जड गिअर लावून लोक सावकाश दाब देत चालवतात. त्यापेक्षा हलका गिअर लावून मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे सहज होतील असे चालवावे. पाय भरभर फिरले तर श्वास थोडा वाढतो, पण गुडघ्यावरचा दाब कमी होतो.

चाकातली हवा कमी असली तरी हेच होते. बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची धाव बनवली, ती दणके कमी बसावेत आणि गाडी हलकी पळावी म्हणून. त्यांची ही देणगी आपण आठवड्यातून एकदा पंप मारून राखली तरी पुष्कळ झाले.

सायकल कोणती, हाही प्रश्न नेहमी येतो. महागड्या सायकलची गरज नाही. घरातली जुनी, सरळ बसता येणारी सायकल ब्रेक आणि बेअरिंग दुरुस्त करून घेतली तर उत्तम. ज्यांना पाय मागून उंच टाकणे जड जाते, कंबर धरते, त्यांनी मधला दांडा नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती घ्यावी. चार लोक हसतील, पण तीच माणसे पुढे गुडघ्याच्या रांगेत बसलेली मी पाहिली आहेत.

सुरुवात कशी करावी?

पहिला आठवडा रोज दहा ते पंधरा मिनिटे, सपाट रस्ता. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. दोन महिन्यांत पाऊण तासापर्यंत पोहोचता येते. वेग किती असावा याची साधी खूण अशी: सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग जास्त आहे. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी फार वाढत नाही, म्हणून त्यांनी घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये, हीच खूण वापरावी.

पुढील मंडळींनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे: हृदयविकार झालेले किंवा चालताना छातीत दाब जाणवणारे, बीपी ताब्यात नसलेले, चक्कर किंवा फिट येणारे, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेले, नुकतेच ऑपरेशन झालेले. गरोदरपणी पडण्याचा धोका असतो, म्हणून त्या काळात नव्याने सुरुवात करू नये.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेही रुग्णांनी उपाशीपोटी सायकल चालवू नये. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, अशी लक्षणे दिसताच थांबून ते खावे, "घर जवळच आहे" म्हणून पुढे जाऊ नये.

आणि छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांपैकी काहीही झाले तर जागीच उतरा, बसा आणि मदत बोलवा. अपचन समजून सायकल रेटत घरी येणे जिवावर बेतू शकते.

ग्रुपची संगत

अलीकडे गावोगावी सायकलवाल्यांचे ग्रुप झाले आहेत. पहाटे पाचला मंडळी जमतात, एकमेकांची पंक्चर काढतात, टपरीवर चहा घेतात. ही संगत औषधासारखी आहे. एकटा माणूस थंडीत पांघरूण ओढतो. चौकात कोणी वाट बघत असले की उठतोच. निवृत्तीनंतर एकटे पडलेल्या माणसाला तर यातून बोलायला चार माणसे मिळतात, आणि त्याची गरज गोळ्यांइतकीच असते.

पण औषधाची मात्रा चुकली तर तेच बाधते. ग्रुपमध्ये किलोमीटरची चढाओढ लागते. दुसऱ्याच रविवारी कोणी पन्नाशीचा गृहस्थ शंभर किलोमीटर करून येतो आणि सोमवारी लंगडत दवाखान्यात येतो. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. ज्यांनी वर्ष-दोन वर्षे अंग तयार केले त्यांनी ते जरूर करावे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये हीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. हे तिघेही आमच्याच पेशातले, याचा अभिमान वाटतो. पण त्यांच्या मागे शिस्तीची तयारी होती, आणि शर्यतीत मदतीला सोबत पथक होते. आपल्या मागे फक्त घरची मंडळी काळजी करत बसलेली असतात, हे लक्षात ठेवावे.

शेवटचे थोडे

सायकल हा हाडे मजबूत करणारा व्यायाम नव्हे, कारण वजन सीटवर असते. म्हणून पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांनी, थोडे चालणे आणि हलकी वजने उचलणे याची जोड द्यावी. पहाटे किंवा संध्याकाळी मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच. आरसा लावा, हेल्मेट घाला, गडद कपडे टाळा. मोठ्या रस्त्यापेक्षा आतला रस्ता थोडा लांब पडला तरी बरा. उन्हाळ्यात नऊच्या आत परत या आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. तहान लागायची वाट बघू नका.

अनेक घरांत जिन्याखाली किंवा परसात एक सायकल धूळ खात उभी असते. या रविवारी ती बाहेर काढा, हवा भरा, भिंतीला हात धरून सीटवर बसा आणि पायडलवर टाच ठेवून बघा. गुडघा वाकलेला राहिला तर गोळी मागायला येण्याआधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जा. सीट योग्य उंचीवर आणून, बेताने सहा आठवडे चालवूनही दुखणे तसेच राहिले, गुडघा सुजला किंवा मध्येच अडकू लागला, तर मात्र दवाखान्यात अवश्य या. आणि येताना सायकल घेऊनच या.